गाळीसुद्दीचा धनी : सिटिंग बुल

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

मी आठवीत होतो. एका शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत कुठून तरी वावडी उठली, की सोमवारपासून बाजारात मीठ मिळणार नाही. माझ्या मामांचे किराणा दुकान आहे आणि शनिवारी मी तिथे पुड्या बांधायला बसत असे. तासाभरात दुकानासमोर झुंबड उडाली. एरवी अर्धा किलो मीठ महिनाभर पुरवणाऱ्या आजीबाई पाच किलो मागू लागल्या. मामांनी भाव वाढवला नाही, पण मिठाबरोबर दुसरे काही तरी घ्यायलाच हवे अशी अट घातली आणि आठवड्याची विक्री एका संध्याकाळी उरकली. सोमवार उजाडला. मीठ जिथे होते तिथेच होते. त्याच दुपारी शिकवणीच्या वर्गात ही बातमी तिघांना मीच सांगितली होती, हे मी मामांना आजवर सांगितलेले नाही. सांगताना आपण कोणी तरी मोठे झालो असे वाटले होते, एवढे मात्र चांगले आठवते.

मराठीत आपण अफवा म्हणतो, आवई म्हणतो, कंडी पिकली म्हणतो. पण मला विचाराल तर कन्नडमधला शब्द सर्वांत नेमका आहे : गाळीसुद्दी. गाळी म्हणजे वारा आणि सुद्दी म्हणजे बातमी. वाऱ्यावरून आलेली बातमी!

यंदा ग्रंथालयात कॉस्टिंगचे पुस्तक शोधताना मी भलत्याच कपाटापाशी गेलो आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या इतिहासावरचा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ हाती आला. कॉस्टिंग बाजूलाच राहिले. सिटिंग बुल हे नाव मी लहानपणी चित्रकथांत वाचले होते. डोक्यात पिसे खोवलेला, गोऱ्यांच्या वसाहती जाळणारा क्रूर सरदार, एवढीच ओळख. ग्रंथ वाचत गेलो तसे लक्षात आले, की माझी ही ओळखसुद्धा वाऱ्यावरूनच आली होती. आणि त्याच वाऱ्याने त्या माणसाचा जीव घेतला.

अमेरिकेच्या मध्यभागी प्रेअरी नावाचा अफाट गवताळ माळ पसरला आहे. झाड औषधालाही नाही, डोंगर नाही, आणि वारा कधी थांबत नाही. त्या माळाच्या उत्तरेला, आजच्या साउथ डकोटा राज्यातील ग्रँड नदीच्या परिसरात, सुमारे १८३१ साली एक मूल जन्मले. जमात लकोटा, आणि तिच्यातली शाखा हंकपापा. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत यांना सरसकट रेड इंडियन म्हटलेले असते, आणि अमेरिकन सैन्य त्यांना सू म्हणे. मुलाला घरी हुंकेश्नी म्हणत, म्हणजे संथ किंवा मठ्ठ. मुलगा प्रत्येक गोष्ट विचार करून सावकाश करी म्हणून हे नाव पडले असे सांगतात. चौदाव्या वर्षी क्रो जमातीशी झालेल्या चकमकीत त्याने शत्रूला अंगाशी भिडून स्पर्श केला. लकोटांच्या दृष्टीने हा ठार मारण्यापेक्षा मोठा पराक्रम. आनंदाने बापाने आपले स्वतःचे नाव मुलाला देऊन टाकले आणि स्वतः दुसरे घेतले. ते नाव तातांका इयोताके, म्हणजे बसलेला गवा. आपल्या खानापूरच्या जंगलातला गवा तो हा नव्हे, पण त्याचा लांबचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. मागचे दोन पाय मुडपून ठाण मांडून बसलेला, कोणी ढकलले तरी न हलणारा नर गवा. इंग्रजीत त्याचे सिटिंग बुल झाले.

तरुणपणी तो योद्धा म्हणून गाजला, पण त्याहून जास्त वीचाशा वाकान, म्हणजे पवित्र पुरुष, म्हणून. त्याला दृष्टान्त होत. तो गाणी रचत असे, पाखरांची भाषा त्याला समजते अशी लोकांची श्रद्धा होती. तो अंगाने किंचित लंगडत चाले, एका लढाईतल्या गोळीची ती खूण होती.

इकडे गोऱ्या वसाहतकऱ्यांचे लोंढे पश्चिमेकडे निघाले होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने जो कोणी पाच वर्षे जमीन कसून राहील त्याला १६० एकर जवळजवळ फुकट मिळू लागली. जर्मन, नॉर्वेजियन, रशियातून आलेले जर्मन, अशी कितीतरी गरीब कुटुंबे होती. लाकूड नाही म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापून त्यांचीच घरे बांधायची. शेजारी मैल-दोन मैलांवर. रात्री दिवा विझला की चहूकडे फक्त अंधार आणि वाऱ्याचा आवाज. अशा घरात राहणाऱ्या बाईला खिडकीबाहेर घोड्याची टाप ऐकू आली तर काय वाटत असेल, याची कल्पना केल्याशिवाय पुढची गोष्ट समजणार नाही.

आणि ही भीती निव्वळ पोकळ नव्हती, हेही लिहिले पाहिजे. १८६२ च्याच ऑगस्टमध्ये मिनेसोटात डकोटा लोकांनी उठाव केला. हे लकोटांचे पूर्वेकडचे भाऊबंद. जमिनीच्या मोबदल्याचे सरकारी पैसे वेळेवर आले नाहीत, लोक उपाशी होते, आणि कोठारात माल असताना व्यापाऱ्यांनी तो उधारीवर द्यायला नकार दिला. (उधारी नाकारल्यामुळे पेटलेली लढाई आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात का नसावी?) उठावात शेकडो वसाहतकरी मारले गेले, त्यांत बायकामुलेही होती. जिथे एकही डकोटा पोहोचला नव्हता अशा दूरदूरच्या गावांतूनही लोक बैलगाड्या जुंपून पळाले. पुढे २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो येथे अडतीस डकोटांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. ही सारी कहाणी वसाहतकऱ्यांच्या घराघरांत आजीच्या गोष्टीसारखी राहिली. सिटिंग बुलचा त्या उठावाशी काडीचाही संबंध नव्हता. पण उठावाचा सूड घ्यायला निघालेले सैन्य पश्चिमेकडे सरकत त्याच्या मुलखात आले आणि २८ जुलै १८६४ रोजी किलडीर डोंगरापाशी त्याची त्या सैन्याशी गाठ पडली. तिथून त्याचे वैर सुरू झाले.

१८६८ च्या फोर्ट लॅरमी तहाने लकोटांना मिझूरी नदीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख कायमचा म्हणून मिळाला. ब्लॅक हिल्स हे त्यांचे पवित्र डोंगरही त्यातच आले. सिटिंग बुलने या तहावर सही केली नाही. त्याला सरकारी शिधा नको होता आणि सरकारी सीमाही. १८७४ मध्ये कर्नल कस्टरची तुकडी ब्लॅक हिल्समध्ये शिरली आणि सोने सापडल्याची बातमी घेऊन बाहेर आली. मग कायमचा हा शब्द किती दिवस टिकणार! सरकारने साठ लाख डॉलर देऊ केले, लकोटांनी नाकारले. तेव्हा फर्मान निघाले, की ३१ जानेवारी १८७६ पर्यंत सर्वांनी एजन्सीवर हजर व्हावे, नाहीतर शत्रू समजले जाईल. ऐन हिवाळ्यात, बर्फातून, बायकामुलांसह.

त्या जूनमध्ये सूर्यनृत्याच्या विधीत सिटिंग बुलने आपल्या दोन्ही दंडांवरून मांसाचे पन्नास-पन्नास तुकडे काढू दिले आणि तसाच नाचत राहिला. शुद्ध हरपली तेव्हा त्याला दिसले, की सैनिक टोळधाडीसारखे डोके खाली पाय वर असे छावणीत कोसळत आहेत. थोड्याच दिवसांनी, २५ जून १८७६ रोजी, कस्टरने लिटल बिगहॉर्न नदीकाठच्या प्रचंड छावणीवर हल्ला केला. कस्टर आणि त्याच्या थेट हाताखालच्या दोनशेहून अधिक सैनिकांपैकी एकही जिवंत परतला नाही. सिटिंग बुल तेव्हा पंचेचाळिशीचा होता. प्रत्यक्ष लढाई तरुणांनी केली. तो बायकामुलांच्या रक्षणात गुंतला होता.

पण बातमी पूर्वेच्या शहरांत पोहोचली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीच्या ऐन समारंभात. पराभव एवढा अपमानास्पद, की एका अडाणी समजल्या गेलेल्या माणसाने आपल्याला हरवले हे कोणाला पटेना. मग वाऱ्याने दुसराच सिटिंग बुल घडवायला घेतला. तो म्हणे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकला होता. त्याला म्हणे फ्रेंच येत होते, नेपोलियनच्या मोहिमा त्याने वाचल्या होत्या. १८७८ मध्ये तर एका लष्करी अधिकाऱ्याने सिटिंग बुलच्या फ्रेंच आणि लॅटिन कवितांची पुस्तिकाच छापली! ती निखळ थट्टा होती, पण खरे मानणारेही निघाले. ज्याला इंग्रजीत स्वतःचे नाव लिहिण्यापलीकडे काही येत नव्हते आणि तेही नंतर शिकला, त्याच्या नावावर लॅटिन कविता. इथपर्यंत हसू येते. पण याच कारखान्यात तयार झालेला दुसरा मालही होता : कस्टरला त्यानेच मारले, तो सर्व जमातींना एकत्र करून गोऱ्यांचा निःपात करणार आहे, तो येतो आहे.

खरा सिटिंग बुल त्या वेळी उलट दिशेने चालला होता. १८७७ च्या मे महिन्यात तो आपल्या लोकांना घेऊन कॅनडात गेला. दोन देशांमधली ती सीमा म्हणजे माळावरची न दिसणारी रेघ. पण ती ओलांडली की अमेरिकन सैनिक जादू झाल्यासारखे थांबतात, म्हणून लकोटा तिला औषधी रेघ म्हणत. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा रेघेची जादू वेगळी सांगायला नको. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांचे मेजर वॉल्श यांच्याशी त्याची चांगली मैत्री जमली. चार वर्षे तो तिथे कायदा पाळून राहिला. पण गव्यांचे कळप संपत आले होते आणि कॅनडा सरकार शिधा द्यायला तयार नव्हते. लोक उपासमारीने एकेक करून परत फिरले. १९ जुलै १८८१ रोजी उरलेल्या दोनशेहूनही कमी माणसांसह तो फोर्ट ब्युफोर्ड या ठाण्यावर आला. शरणागतीची बंदूक त्याने स्वतःच्या हाताने दिली नाही. आपला लहानगा मुलगा क्रो फूट याच्या हातून ती अधिकाऱ्याला देवविली.

माफीचे आश्वासन मिळाले होते, तरी जवळजवळ दोन वर्षे त्याला फोर्ट रँडल येथे युद्धकैदी म्हणून ठेवले. १८८३ मध्ये त्याला स्टँडिंग रॉक या राखीव प्रदेशात पाठवले. तिथला सरकारी एजंट होता जेम्स मॅक्लॉक्लिन. मेहनती, शिस्तीचा आणि स्वतःवर फार विश्वास असलेला माणूस. सिटिंग बुलला तो मोडीत निघालेला, घमेंडखोर म्हातारा समजे.

१८८५ मध्ये बफेलो बिल कोडीने त्याला आपल्या प्रसिद्ध खेळात घेतले. या कराराचे तपशील वाचून माझ्यातला कॉमर्सवाला खूश झाला. आठवड्याला पन्नास डॉलर पगार, आणि आपली छायाचित्रे व सह्या विकण्याचा हक्क पूर्णपणे त्याचा स्वतःचा. सही विकून पैसे कमावणे ही कल्पना त्याला कोणी दिली असेल ती असो, पण हा हक्क त्याने करारात घालून घेतला. चार महिने तो शहरोशहरी घोड्यावर बसून रिंगणाला फेरी मारी. काही ठिकाणी प्रेक्षक कस्टरचा मारेकरी म्हणून त्याची हुर्यो करीत आणि मग तंबूपाशी येऊन त्याचीच सही विकत घेत. मिळालेले बरेचसे पैसे त्याने रस्त्यावरच्या भिकाऱ्यांना आणि अनाथ पोरांना वाटून टाकले. एवढ्या श्रीमंत देशात पोरे उपाशी कशी, हे त्याला उमगेना. निमबाज ॲनी ओकलीला तो मुलीसारखे मानी. परत येताना कोडीने त्याला खेळातला एक घोडा भेट दिला असे सांगतात.

मग तो ग्रँड नदीकाठी, जिथे जन्मला त्याच परिसरात, लाकडी ओंडक्यांच्या घरात राहू लागला. थोडी शेती, गुरे, कोंबड्या. मुलांना त्याने शाळेत घातले. वसाहतकऱ्यांच्या बातम्यांतला राक्षस आणि कोंबड्यांना दाणे टाकणारा हा पन्नाशी उलटलेला माणूस, ही दोन खाती कोणत्याही मेळपत्रकाने जुळली नसती.

एक गोष्ट मात्र त्याने सोडली नाही. जमीन विकायला त्याचा विरोध कायम राहिला. १८८८ मध्ये सरकारने एकरी पन्नास सेंट देऊ केले तेव्हा लकोटांनी साफ नाकारले. १८८९ मध्ये पहिल्या तीन वर्षांत विकल्या जाणाऱ्या जमिनीचा भाव सव्वा डॉलर झाला, आणि जनरल क्रुकच्या आयोगाने फोडाफोड करून तीन चतुर्थांश पुरुषांच्या सह्या मिळवल्या. सुमारे नव्वद लाख एकर जमीन गेली आणि उरलेल्या मुलखाचे तुकडे पडले. शिधा कमी होणार नाही असे तोंडी सांगितले होते. सह्या झाल्यावर लगेच पाइन रिज एजन्सीवरचा वर्षाचा गोमांसाचा शिधा दहा लाख पौंडांनी कापला गेला. त्यातच दुष्काळ. रोगाने पोरे दगावू लागली. तिकडे नव्या जमिनीवर आलेल्या वसाहतकऱ्यांचीही पिके करपली होती, कर्जे थकली होती. कुंपणाच्या दोन्ही बाजूंना माणसे हवालदिल. वाऱ्यावरच्या बातमीला यापेक्षा चांगली जमीन कुठली?

याच सुमारास पश्चिमेला, नेवाडात, पायूट जमातीच्या वोवोका नावाच्या माणसाला १ जानेवारी १८८९ च्या सूर्यग्रहणात दृष्टान्त झाला. नाच करा, भांडू नका, कोणाला दुखवू नका, मग मेलेले आप्त परत येतील, गवे परत येतील, पृथ्वी नवी होईल. याला भुतांचा नाच असे नाव पडले. लकोटांनी त्यात एका खास सदऱ्याची भर घातली. तो घातला की गोळी लागत नाही अशी समजूत. ऑक्टोबर १८९० मध्ये किकिंग बेअर हा नाच घेऊन सिटिंग बुलच्या वस्तीवर आला. सिटिंग बुलचा स्वतःचा त्यावर पूर्ण विश्वास बसला होता असे दिसत नाही. पण आपल्या लोकांनी नाचू नये असे सांगायला त्याच्याकडे कारणही नव्हते.

दक्षिणेला जवळजवळ दोनशे मैलांवर पाइन रिज येथे त्याच महिन्यात नवा एजंट आला. डॅनिएल रॉयर. पेशाने डॉक्टर आणि औषधविक्रेता, नेमणूक राजकीय वशिल्याची. लकोटांनी त्याचे जे नाव ठेवले त्याचा अर्थ इंडियनांना भिणारा तरुण. रॉयर साहेबांनी तारांचा सपाटा लावला. १५ नोव्हेंबरला त्यांनी तार केली, की इंडियन बर्फात नाचत आहेत, वेडे झाले आहेत, सैन्य ताबडतोब हवे. २० नोव्हेंबरला सैन्य उतरले. पुढच्या आठवड्यांत यादवी युद्धानंतरची सर्वांत मोठी लष्करी जमवाजमव त्या माळावर झाली.

आणि मग वारा सुटला. सैन्य आले म्हणजे काही तरी असणारच, असे म्हणून ज्यांना काल भीती नव्हती त्यांनाही वाटू लागली. नेब्रास्का आणि दोन्ही डकोटांतल्या वसाहतकऱ्यांनी घरे सोडली. चूल तशीच, गुरे तशीच. रेल्वेच्या गावांत देवळे आणि शाळा माणसांनी भरून गेल्या. साउथ डकोटाचे गव्हर्नर मेलेट यांनी वसाहतकऱ्यांना बंदुका पाठवल्या. नॉर्थ डकोटातल्या हेब्रन गावच्या जर्मन शेतकऱ्यांनी मातीचे ठोकळे रचून चक्क किल्ला उभारला. त्यांच्या आवडत्या आंबवलेल्या कोबीवरून त्याला फोर्ट सॉअरक्राउट म्हणतात. त्या किल्ल्यावर कधीही कोणीही चालून आले नाही. हा मजकूर वाचताना मला आमच्या घरातल्या माळ्यावरची मिठाची पोती आठवली.

पाइन रिजवर वीसपंचवीस वार्ताहर जमले होते. लढाई नव्हती, पण संपादकांना रोज मजकूर हवा होता. व्यापाऱ्याच्या दुकानात शेकोटीभोवती बसून जे कानी पडेल ते रात्री तारेने रवाना होई आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून छापील बातमी म्हणून त्याच गावांत परत येई. सैन्याला घोड्यांसाठी गवत लागते, दाणा लागतो, मांस, सरपण, गाड्यांचे भाडे. दुष्काळात बुडालेल्या रश्व्हिलसारख्या गावांत नोव्हेंबरात रोख पैसा खुळखुळू लागला. काही व्यापाऱ्यांना सैन्य हवेच आहे म्हणून भीती वाढवली जात आहे, असा आरोप त्या काळीच झाला होता. सगळ्यांनी ठरवून कंडी पिकवली असे मला वाटत नाही. माझे मामाही लबाड नाहीत. पण गिऱ्हाईक दारात उभे असताना ही बातमी खोटी आहे असे त्याला कोण सांगतो?

सांगणारा एक निघाला. पाइन रिजचे जुने एजंट डॉ. मॅक्गिलिकडी यांनी कळवले, की ख्रिस्ती पंथातले काही लोक प्रभूच्या पुनरागमनाची तयारी करतात तेव्हा त्यांच्यावर कोणी सैन्य धाडत नाही, यांनाही नाचू द्यावे, वसंत ऋतूपर्यंत आपोआप थांबेल. त्यांचे कोणी ऐकले नाही.

दुसरा होता खुद्द सिटिंग बुल. नोव्हेंबरच्या मध्यावर मॅक्लॉक्लिन त्याच्या वस्तीवर जाऊन नाच बंद कर म्हणून सांगू लागला. तेव्हा सिटिंग बुलने एक तोडगा सुचवला. आपण दोघांनी मिळून पश्चिमेला जावे, ही गोष्ट ज्याच्याकडून ज्याच्याकडे आली त्या प्रत्येकाला विचारत थेट उगमापर्यंत पोहोचावे. तिथे तारणहार नसेल तर मी स्वतः परत येऊन लोकांना सांगेन की हे खोटे आहे, आणि नाच थांबेल. ही हकिकत स्वतः मॅक्लॉक्लिननेच नोंदवून ठेवली आहे. हिशेबतपासनीस जसा प्रत्येक नोंदीमागचे व्हाउचर मागतो, तसे त्या माळावरच्या हजारो माणसांत व्हाउचर मागणारा हा एकच निघाला. मॅक्लॉक्लिनने नकार दिला. असल्या प्रवासात वेळ घालवण्यात अर्थ नाही असे त्याचे मत पडले.

मी या जागी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. शिकवणीच्या वर्गात मला तिघांपैकी एकाने विचारले असते, की तुला कोणी सांगितले, चल त्याच्याकडे जाऊ, तर मी काय केले असते? बहुधा त्याच्यावर चिडलो असतो.

तिकडे सैन्य पाहून लकोटाही घाबरले होते, हे वसाहतकऱ्यांच्या लक्षात आले नाही. आपल्याला निःशस्त्र करून मारणार, अशी बातमी त्यांच्या तंबूंतून फिरली. हजारो माणसे पाइन रिज आणि रोजबड सोडून बॅडलँड्सच्या ओसाड कड्यांत पळाली. त्यांचे ते पळणे गोऱ्यांना हल्ल्याची तयारी वाटले. एका बाजूची भीती दुसऱ्या बाजूचा पुरावा होत होती.

डिसेंबरमध्ये सिटिंग बुलने पाइन रिजला जाण्याची परवानगी मागितली. तो पळून जाऊन बंडखोरांना मिळणार असा अर्थ काढला गेला. जनरल माइल्सने आधी त्याला आणायला बफेलो बिललाच पाठवले होते, पण मॅक्लॉक्लिनने खटपट करून ते थांबवले. त्याला हे काम आपल्या हाताखालच्या इंडियन पोलिसांकडून करून घ्यायचे होते. हे पोलीस लकोटाच होते, काही तर सिटिंग बुलच्या ओळखीपाळखीचे. आपल्याच माणसांच्या हातून आपल्याला मरण येणार असे एका पाखराने त्याला सांगितले होते, अशी लकोटांत कथा आहे.

१५ डिसेंबर १८९० च्या पहाटे सुमारे चाळीस पोलीस लेफ्टनंट बुल हेडच्या नेतृत्वाखाली त्याच्या घरात शिरले. तो झोपला होता. तो उठला, कपडे घालू लागला, जायला तयारही झाला. तोवर बाहेर त्याची माणसे जमली, आरडाओरड झाली. मुलगा क्रो फूट, तोच ज्याने नऊ वर्षांपूर्वी बंदूक सोपवली होती, आता मिसरूड फुटलेला, त्याने बापाला डिवचले असे म्हणतात. सिटिंग बुलने जायला नकार दिला. कॅच द बेअर या त्याच्या माणसाने बुल हेडवर गोळी झाडली. पडता पडता बुल हेडने सिटिंग बुलवर झाडली आणि रेड टॉमाहॉकने मागून डोक्यात. क्रो फूटलाही घरातून ओढून मारले. सिटिंग बुलसह त्याच्या बाजूचे आठ आणि सहा पोलीस, इतके जीव गेले. गोळ्यांच्या आवाजाने खेळातला तो जुना घोडा अंगणात शिकवलेल्या कसरती करू लागला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी मानावी की न मानावी हे मी वाचकांवर सोडतो, कारण तीही वाऱ्यावरचीच.

तो गेला म्हणून भीती गेली नाही, उलट आता सूड घेतील म्हणून वाढली. साउथ डकोटातल्या ॲबरडीन गावच्या एका साप्ताहिकाच्या संपादकाने पाचच दिवसांनी लिहिले, की वसाहतीच्या सुरक्षिततेसाठी उरलेल्या इंडियनांचा समूळ नायनाट करावा. संपादकाचे नाव एल. फ्रँक बॉम. पुढे १९०० मध्ये त्यांनीच ओझच्या जादूगाराचे पुस्तक लिहिले, ज्याच्यावर जगभरची मुले लुब्ध आहेत.

सिटिंग बुलची काही माणसे दक्षिणेला पळून बिग फूटच्या टोळीला मिळाली. बिग फूट न्यूमोनियाने आजारी होता. सातव्या घोडदळाने, म्हणजे कस्टरच्याच पलटणीने, त्यांना वुंडेड नी ओढ्याकाठी गाठले. २९ डिसेंबरच्या सकाळी शस्त्रे काढून घेताना एक गोळी सुटली आणि मग तोफा सुरू झाल्या. सुमारे साडेतीनशेपैकी अडीचशेहून अधिक माणसे मेली, निम्म्याहून जास्त बायका आणि मुले. गोळी न लागणारे सदरे अंगात होते.

जेम्स मूनी नावाच्या संशोधकाने पुढे सर्व प्रकरणाचा छडा लावला, वोवोकाला जाऊन भेटला आणि १८९६ मध्ये अहवाल छापला. सिटिंग बुलने सुचवलेला प्रवास शेवटी झाला तो असा. मूनींच्या नोंदीप्रमाणे त्या संपूर्ण हंगामात राखीव प्रदेशाच्या हद्दीबाहेर एकाही वसाहतकऱ्याला नाचणाऱ्यांनी मारले नाही. गावांत अडकलेली कुटुंबे आपापल्या मातीच्या घरांकडे परत गेली. ज्यांची गुरे थंडीत उपाशी राहिली होती त्यांचे नुकसान झाले. बाकीचे दुष्काळाशी झगडत राहिले.

ग्रँड नदीकाठचे ते ओंडक्यांचे घर उचलून १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडण्यात आले. स्वामी विवेकानंद त्याच वर्षी त्याच शहरात होते. सिटिंग बुलला फोर्ट येट्सच्या लष्करी दफनभूमीत फारसा विधी न करता पुरले होते. १९५३ मध्ये साउथ डकोटातल्या मोब्रिज गावच्या लोकांनी काही नातेवाइकांच्या संमतीने अवशेष उकरून नेले आणि मिझूरी नदीकाठी पुन्हा पुरले. फोर्ट येट्सचे लोक म्हणतात, त्यांनी नेलेली हाडे दुसऱ्याच कोणाची होती. दोन्ही ठिकाणी त्याच्या नावाचा दगड आहे.